हर्षलाचं हातवळण

कुंदा फडतरे घरात आल्या तेव्हा वैजयंता भाकरी थापत होती. त्यांना पाहूनही तिचा हात थांबला नाही. लेक हर्षला गेल्यापासून माणसं यायची, पाणी प्यायची, डोळे पुसायची आणि उठून जायची. ही बाईही तशीच जाईल, असं तिला वाटलं.

पण कुंदाताई रडायला आल्या नव्हत्या. त्या हवाई दलात तंत्रज्ञ होत्या. निवृत्त झाल्यावर कोयनेच्या जलाशयाकाठी, तांबवलीत, त्यांनी बायकांना ड्रोन चालवायला शिकवणारं केंद्र काढलं होतं. हर्षला त्यांची पहिली विद्यार्थिनी. शिकून झाल्यावर पाण्यापलीकडच्या वस्त्यांवर औषधं, लशी, रक्ताच्या पिशव्या पोचवायचं काम तिने तीन वर्षं केलं. गेल्या हिवाळ्यात साताऱ्याला जाताना तिची जीप घाटातून खाली गेली, आणि सगळं तिथेच संपलं.

"मला हर्षलाचा हात हवाय," कुंदाताई म्हणाल्या.

आता मात्र वैजयंता थांबली. दाराशी बसलेला तिचा नवरा दिनकर जलाशयावर लाँच चालवायचा. माणूस मोजकं बोलणारा. तोही चमकून म्हणाला, "मॅडम, पोरगी गेली आमची. तिचा हात कुठून द्यायचा?"

कुंदाताईंनी पिशवीतून एक काळा डबा काढला. त्यावर दोन छोट्या दांड्या होत्या, अंगठ्याने हलवायच्या. "ड्रोन उडवताना दोन्ही अंगठे या दांड्यांवर असतात," त्या सांगू लागल्या. "हर्षलाने तीन वर्षांत अंगठा किती, कधी, कुठे हलवला, ते सगळं साठवलेलं आहे. त्या क्षणी वारा कसा होता, ओझं किती होतं, तेही. पुण्याच्या इंजिनिअरांनी ते एका संगणकाला शिकवलं. आता या दांड्यांच्या आत बारीक मोटारी आहेत. नवशिकी पोरगी चुकायला लागली की मोटार तिचा अंगठा हळूच वळवते, हर्षलाने वळवला असता तसा."

"म्हणजे तिचं जुनं उडणं परत लावायचं?"

"नाही. रेकॉर्ड वाजवल्यासारखं नाही हे. हर्षलाला कधी लागला नाही असा वारा आला, तरी तिने काय केलं असतं ते याला कळतं. बाईच्या हाताला वळण असतं ना, कालवणाला, शिवणाला? तसं. आम्ही याला हातवळण म्हणतो."

दिनकर म्हणाला, "आता तर ड्रोन आपसूक उडतात."

"उघड्या पाण्यावरून उडतात. वाघनाळेत नाही." वाघनाळ म्हणजे पलीकडच्या डोंगरातली अरुंद घळ. खिरवंडी वस्तीवर ड्रोन न्यायचा तर तिच्यातूनच न्यावा लागे. "तिथे उपग्रहाचा संपर्क तुटतो, वारा गरगरतो, आणि आपोआप उडणारा ड्रोन घाबरून माघारी येतो. तिथे माणूसच लागतो. मला पोरी हव्यात, दिनकरराव. येतात, चार दिवसांत 'आपल्याला नाही जमणार' म्हणून जातात. एखाद्या बाईचा हात त्यांच्या हातावर असला, तर टिकतील."

वैजयंताने पिठाचे हात पदराला पुसले. "चालेल," ती म्हणाली. त्यात समजून घेण्यासारखं काही आहे, असं तिला वाटलंच नाही. नाही म्हटलं तरी पोर परत येणार नव्हती.

*

केंद्रात हातवळण सुरू झालं त्या दिवशी कुंदाताईंनी तिला मुद्दाम बोलावलं आणि डबा तिच्याच हातात दिला. "तुम्ही पहिल्या. फक्त अंगठे ठेवा. बाकी तो करेल."

मैदानातला ड्रोन घरघरत वर गेला. वैजयंताचे अंगठे तिच्या मनाविना हलू लागले. गंमत वाटण्याइतकंच ते विचित्र होतं. मग ड्रोन वळवायची वेळ आली, आणि वळण्याआधी दांडी अगदी क्षणभर अडली. जणू विचार केला. मग वळली.

आठ वर्षांच्या हर्षलाला तिने भाकरी शिकवली होती, तिच्या हातावर आपला हात ठेवून. भाकरी फिरवण्याआधी पोरीचा हात असाच अडायचा, दर वेळी. ती ओरडायची, "थांबतीस कशाला? फिरव की!" आणि पोर म्हणायची, "बघू तर दे आधी."

ड्रोन उतरला. पोरींनी तिच्याकडे पाहिलं. ती डबा छातीशी धरून उभी होती आणि सोडत नव्हती.

"मॅडम," ती म्हणाली, "माझं नाव घ्या वर्गात."

पंचेचाळीस वर्षांची बाई विशीतल्या पोरींमध्ये जाऊन बसली, त्याची गावात चर्चा झाली. लाँचमध्ये कुणी दिनकरला ऐकू जाईल असं म्हणालं, "लेक गेली आणि आईने खेळणं धरलं." दिनकरने इंजिन मोठं केलं.

तिच्या शेजारी पल्लवी सपकाळ बसायची. खिरवंडीची सून, तोंडाची फटकळ, हाताला घाई. हातवळणाने अंगठा ओढला की ती वैतागायची. "काकू, तुमची पोरगी लई हट्टी हाय बघा! मी उजवीकडं म्हणते, ती डावीकडं."

"लहानपणापासून तशीच हाय," वैजयंता म्हणायची, आणि किती महिन्यांनी तरी हसायची.

मग पल्लवीला दिवस गेले. सासूने एके दिवशी येऊन तिला घरी नेलं. "आता बास झाली विमानं," एवढंच म्हणाली. पल्लवीने जाताना वैजयंताचा हात दाबला.

*

वैजयंता शिकत होती. हे तिला स्वतःलाच नवल होतं. बॅटरीचा हिशेब, नकाशातल्या उंचीच्या रेघा, पाण्यावरचा वारा डोंगराला आपटून कसा उलटतो, हे सगळं तिच्या डोक्यात नीट बसू लागलं. आणि तेवढ्यात तिला जाणवलं की दांडी हलकी होतेय. वळणापाशी हर्षला येत होती, पण लांबून आल्यासारखी. बोटाचा नुसता स्पर्श व्हावा तशी.

"मॅडम, हे बिघडलंय," ती म्हणाली.

"बिघडलं नाही, वैजूताई. तुम्ही सुधारलात." कुंदाताई खूश होत्या. "तुमच्या चुका कमी झाल्या की हात कमी होतो. सायकल शिकवताना मागून धरणारा माणूस तोल आला की सोडतो ना? अगदी नीट यायला लागलं की सुटेलच तो. मग परीक्षा, मग परवाना."

वैजयंता घरी जाऊन चुलीपुढे बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिने ड्रोन मुद्दाम वाकडा उतरवला. लगेच दांडी जड झाली, अंगठ्याला धरून वळवू लागली. तिला भरून आलं.

त्यानंतर ती चुकतच राहिली. कुठे चुकलं की हर्षला जास्त जोराने येते, हे तिला कळत गेलं. सगळ्यात जोराने ती वाघनाळेच्या तोंडाशी यायची. हर्षला तिथे नेहमी घळीच्या मधोमध आणि उंच राहायची. कड्याची तिला भीती असावी. वैजयंता सरावाचा रिकामा ड्रोन खाली घालायची, पश्चिमेच्या कड्याला चिकटवायची, कारवीच्या झुडपांना जवळजवळ घासत पुढे न्यायची. दांडी थरथरायची, ओढायची, विनवायची. वैजयंता तिला तसंच ताटकळत ठेवायची, आणि मग मुकाट तिच्या मनासारखं वर घ्यायची. लेकीशी दिवसाचं तेवढंच तिचं बोलणं.

एका दुपारी तिने दिनकरला केंद्रात आणलं. "अहो, धरा तर एकदा."

त्याने डोळे मिटून दांड्या धरल्या. ड्रोन मैदानावर दोनदा फिरला. दिनकरच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं, ओठ हलले. मग त्याने डबा अलगद बाकावर ठेवला.

"तिचाच आहे," तो म्हणाला. "म्हणून नको."

"असं काय करता?"

"वैजू, मी आत्ता मनात तिला विचारलं, जेवलीस का म्हणून. तर ती म्हणाली, डावीकडे वळ." त्याने तोंड फिरवलं. "तिला आता तेवढंच येतं. मला नाही सोसायचं."

तो धक्क्याकडे निघून गेला. वैजयंताला त्याचा राग आला, आणि रागाखाली भीतीही वाटली. कारण ती रोज विचारत होती आणि तिलाही हेच उत्तर मिळत होतं. तिने फक्त ते ऐकायचं नाही असं ठरवलं होतं.

*

कुंदाताईंना कळायला वेळ लागला, पण कळलं. त्यांनी सगळ्या पोरी गेल्यावर तिला थांबवून घेतलं.

"चुका माणूस इकडे तिकडे करतो, वैजूताई. तुमच्या चुका नेमक्या असतात. ज्याला इतकं नेमकं चुकता येतं त्याला उडवता येतं."

वैजयंता बॅटऱ्या पेटीत ठेवू लागली.

"मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, माहीत नाही. पण पलीकडे वस्त्या आहेत. माझ्याकडे परवाना असलेली एक पोरगी आहे, ती महाबळेश्वरला. दुसरी मी. तुम्ही तिसऱ्या होऊ शकता आणि होत नाही."

"मी परवाना घेतला की ती जाईल."

"ती गेलेली आहे," कुंदाताई हळूच म्हणाल्या.

"मग हे कोण आहे?" वैजयंताने डबा पुढे केला. तिचा आवाज चढला होता. "तुम्ही आलात माझ्या घरी, हर्षलाचा हात हवाय म्हणून. तुम्हीच म्हणालात, तिला कळतं म्हणून. आता म्हणता ती नाही?"

कुंदाताईंनी डबा तिच्या हातातून घेऊन कपाटात ठेवला, आणि दोघी आपापल्या घरी गेल्या.

*

श्रावणात वारा सुटला. नेहमीचा नव्हे, पाण्यावर पांढरा फेस उठला, धक्क्याच्या दोऱ्या करकरू लागल्या, महाबळेश्वरच्या रस्त्यावर झाडं पडून रस्ता बंद झाला. दुपारी खिरवंडीच्या उपकेंद्रातल्या सिस्टरचा फोन आला. बाळ सुखरूप झालं होतं, पण आईचा रक्तस्राव थांबत नव्हता. औषध हवं होतं आणि रक्त. आई म्हणजे पल्लवी.

दिनकर धक्क्यावरून भिजत आला. "लाँच घालू शकत नाही मॅडम. मध्यावर उलटेल. मी एकटा गेलो असतो, पण पोचलोच नाही तर काय उपयोग."

कुंदाताईंनी मोठा ड्रोन काढला. पाण्यावरून त्यांनी तो सफाईने नेला. पडद्यावर वाघनाळेचे कडे आले, आणि मग चित्र एकदम उलटंपालटं झालं. एक काळा खडक मोठा होत आला. पडदा निळा झाला.

साताऱ्याहून आलेल्या रक्ताच्या पिशव्यांपैकी दोन आणि थोडं औषध शीतपेटीत उरलं होतं, आणि सरावाचा छोटा ड्रोन उरला होता.

"वैजूताई," कुंदाताई म्हणाल्या. त्यांनी सरावाचा डबा पुढे केला. "मला त्या घळीतला वारा ओळखता येत नाही. हर्षलाला यायचा. आणि हर्षलाचा हात तुमच्याइतका कुणाला कळत नाही. मी शेजारी उभी राहते. परवानावाली शेजारी असली की नियमाने चालतं ते."

वैजयंताने डबा घेतला. दांड्यांवर अंगठे ठेवताच दांडी जड झाली. इतकी जड ती कधीच झाली नव्हती.

पाण्यावर मायलेकी मिळून गेल्या. वाऱ्याचा झोत यायच्या आधीच हर्षला ड्रोन त्याच्या अंगावर झुकवायची. वैजयंता नुसती तिच्या सोबत होती. पहिला उंचवटा गेला. घळीचं तोंड आलं. आणि तिथे दांडी अडली.

या वेळी ती पुढे वळली नाही. सावकाश, ठामपणे, अंगठ्याला मागे ढकलू लागली. माघारी.

"ती परत फिरतेय," वैजयंता म्हणाली.

कुंदाताई पडद्यावरचा वाऱ्याचा आकडा बघत होत्या. "एवढ्या वाऱ्यात ती नेहमी परत फिरायची. मीच शिकवलं होतं तिला." त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. "तिचं बरोबर आहे, ताई. मधोमध गेलं तर हाही जाईल."

मधोमध. वैजयंताच्या डोळ्यांपुढे पश्चिमेचा कडा आला, खाली, कारवीच्या झुडपांपाशी. इतके दिवस लेकीला छळायला ती तिथे जात होती. आता तिला आठवलं की वर वारा घोंघावत असला तरी तिथली कारवी क्वचितच हलायची. कड्याच्या आडोशाला हवा निवांत असायची. हर्षला तिथे कधी गेलीच नव्हती. तिला ते माहीत असणं शक्य नव्हतं.

तिने ड्रोन खाली घातला.

दांडीने तिचा अंगठा धरला. पूर्वी ती विनवायची. आता ती झगडत होती. मोटारीची सगळी ताकद अंगठ्यावर आली, सांधा दुखू लागला. वर, मागे, वर, मागे. पडद्यावर कडा सरकत होता, ओल्या दगडावरचं शेवाळं दिसत होतं. वैजयंताने दात आवळले आणि पोरीच्या हाताविरुद्ध हात लावला. आयुष्यात तिने हर्षलाला कधी मारलं नव्हतं. आत्ता तिला मारत असल्यासारखं वाटलं.

"मला दिसतंय इथं," ती मोठ्याने म्हणाली. "तू नाही बघितलंस, मी बघितलंय. सोड, बाळा."

दांडी थरथरली. यंत्राने हिशेब केला असेल. ड्रोन कड्यालगत स्थिर आहे, चालवणारी सावरतेय, आता मदत नको. असंच असेल. वैजयंताला एवढंच कळलं की अंगठ्यावरचं ओझं एकदम न जाता हळूहळू उतरत गेलं, आधी करंगळीएवढं राहिलं, मग श्वासाएवढं, आणि मग नुसती प्लास्टिकची दांडी राहिली.

ती रडत नव्हती, कारण पडद्यावरून नजर हलवता येत नव्हती. कारवीच्या कडेने ती घळ पार करून गेली. पलीकडे खिरवंडीची कौलं दिसली, अंगणात सिस्टर दोन्ही हात वर करून उभी होती, आणि तिच्या मागे पल्लवीची सासू पदर तोंडावर धरून.

*

पल्लवी वाचली.

गावाने वैजयंताचं कौतुक केलं. जे लाँचमध्ये खेळणं म्हणाले होते तेही आले. ती सगळ्यांना चहा देत होती आणि अंगठा चोळत होती. परवाना आला, दिनकरने तो काचेत घालून आणला. मोठा नवा ड्रोनही आला. ती उडवायची, नीट उडवायची. दांडी हलकी असायची. वळणापाशी ती अजून थोडी थांबून बघायची, कुणी येतंय का. कुणी यायचं नाही.

महिनाभराने ती कुंदाताईंपुढे उभी राहिली. "परत लावता येतं का?"

कुंदाताईंनी तिच्याकडे बघितलं. मग कसलंही व्याख्यान न देता संगणकापाशी गेल्या. "तुमच्या सरावाची नोंद बाजूला काढली की यंत्राला तुम्ही नव्या. पूर्ण हात येईल." त्यांनी सरावाचा डबा तिच्या हातात दिला आणि मैदानाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

वैजयंताने ड्रोन वर घेतला. हात आला. तोच, वळणाआधी अडणारा. तिचे डोळे मिटले.

पण हात तिला उड्डाण कसं करायचं ते शिकवू लागला. अगदी हळू, अंगठा धरून, पहिल्या दिवशी शिकवलं होतं तसं. ती वळायला गेली तर दटावल्यासारखा मागे खेचू लागला. वाघनाळेतली ती दुपार त्याला ठाऊक नव्हती, ती कारवी, ते झगडणं, ते सोडणं, काही काही ठाऊक नव्हतं. तिने मुद्दाम थोडा कडेला नेला. हाताने परक्या बाईला आवरावं तसं, अदबीने, तिला आवरलं.

तो हर्षलाचाच हात होता. आणि त्याला आई कोण ते माहीत नव्हतं. कधीच माहीत नव्हतं.

वैजयंताने ड्रोन उतरवला. "मॅडम," तिने हाक मारली, "हे पोरींसाठी ठेवा. माझी नोंद होती तशी करा."

घरी येऊन तिने दिनकरला सांगितलं. त्याने तांब्या भरून तिच्यापुढे ठेवला. मग म्हणाला, "जेवलीस का?" आणि दोघंही रडली, हर्षला गेल्यानंतर पहिल्यांदा एकत्र.

*

पुढच्या उन्हाळ्यात केंद्रात बाकं कमी पडू लागली. पल्लवी परत आली होती. तिची सासू बाळाला मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "सून इमान चालवती माझी." खिरवंडीच्या आणखी तीन पोरी तिच्याबरोबर लाँचने यायच्या. दिनकर त्यांच्यासाठी थांबायचा.

वैजयंता आता शिकवायची. हातवळण लावलेला डबा ती स्वतः प्रत्येकीच्या हातात द्यायची आणि मागे सरकायची. पोरींचे अंगठे हलताना पाहायला सुरुवातीला तिला जड गेलं; अनोळखी बोटांमध्ये हर्षला मधूनच दिसायची, आणि नाहीशी व्हायची.

त्या सकाळी पल्लवी एकटी उडवत होती. भांडत, पुटपुटत, जीभ दाताखाली धरून. ड्रोन पाण्यावर गेला, वळला, वारा अंगावर घेत परत आला. आणि उतरण्याच्या जरा आधी पल्लवी जागच्या जागी नाचली.

"काकू! सुटला! हात सुटला माझा! मी एकटीच उडवतीय!"

पोरी बाकांवरून उठल्या. कुणी शिटी मारली, व्हरांड्यातून सासूने बाळाचे दोन्ही हात धरून त्याला टाळी वाजवायला लावली. वैजयंता मैदानाच्या मध्यात उभी होती. कोण गेलं, हे त्या गर्दीत तिला एकटीलाच माहीत होतं. पल्लवी घामेजल्या, लाल चेहऱ्याने तिच्याकडे बघत होती, शाबासकीची वाट बघत.

वैजयंताने टाळी वाजवली. मग आणखी एक. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या, ड्रोनची पाती थांबली, तरी ती वाजवतच राहिली.